पप्पांचा उजवा पाय

आमच्या घरात लिंबू येतं ते पोह्यावर पिळायला. दारावर टांगायला किंवा गाडीच्या चाकाखाली ठेवायला कधीच आलं नाही. आम्ही बौद्ध आहोत, आणि आईचा या बाबतीत कडक नियम आहे — उतारा, अंगारा, बाहेरचं काहीतरी... असले शब्दसुद्धा घरात काढायचे नाहीत. लहानपणी मी एकदा चिंचेच्या झाडावरच्या हडळीचं काहीतरी ऐकून आलो होतो, तर तिनं मला अर्धा तास पाढे म्हणायला लावले होते. त्यामुळे तुमच्या या भुताखेतांच्या सदरातले अनुभव मी कॉलेजच्या लायब्ररीत वाचायचो ते गंमत म्हणून. झोप अर्धवट झाली की माणसाला काहीही दिसतं, असं माझं मत होतं. आज मीच लिहायला बसलोय, आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. मला लिहायची सवय नाही, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. सोलापुरात भवानी पेठेत एका बंद पडलेल्या टॉवेल कारखान्याच्या मागे आमची गल्ली आहे. त्या कारखान्याच्या भिंतीला लागून पप्पांची व्हॅन उभी होती — पांढरी, सरकत्या दाराची. सहा वर्षं ती तिथून हलली नव्हती. पोरं तिच्या टपावर क्रिकेटचा बॉल शोधायला चढायची. शेजारणी तिच्यावर गोधड्या वाळत घालायच्या. आम्ही कुणाला काही म्हणायचो नाही.

पप्पा त्या व्हॅनमधून पेठेतल्या बायकांना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सोडायचे. तिथं शाळेचे युनिफॉर्म शिवायचं काम चालतं. सकाळी न्यायचं, संध्याकाळी आणायचं. एका संध्याकाळी परत येताना काय झालं ते मला लक्ष्मीअक्कांनी सांगितलंय. लक्ष्मीअक्का आमच्या शेजारी राहतात, तेलुगू आहेत, आणि अजूनही त्याच युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईला जातात. त्या दिवशी त्या पप्पांच्या मागच्याच सीटवर होत्या. बोलता बोलता पप्पांची जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं. गाडी पळतच होती आणि समोर उसाचा ट्रॅक्टर होता. तशा अवस्थेत पप्पांनी ब्रेक दाबला. गाडी जागेवर थांबली. एकाही बाईला खरचटलं नाही.

"पण पाय काय निघंना की रे पेडलवरनं," अक्का सांगतात. "मी अन् अजून दोघी, तिघींनी मिळून उचलला. दगडासारखा! बाजूला ठेवला अन् मग लुळा पडला बघ."

तो पाय त्यानंतर हलला नाही. उजवा हात नाही, उजवा पाय नाही, आणि बोलणंही नाही. पप्पा तेव्हापासून पलंगावर आहेत. आईनं घरीच शर्टांचं काजबटणाचं काम घेतलं, म्हणजे त्यांच्याजवळ बसून करता येतं. पप्पांना सगळं कळतं असं ती म्हणते. डॉक्टर म्हणतात, थोडंफार कळत असेल.

एवढं आधी सांगायचं कारण म्हणजे या वर्षी मी कॉलेज सोडणार होतो. माझा एक मित्र चाकणला कंपनीत लागलाय, त्यानं माझ्यासाठी शब्द टाकला होता. आईच्या एकटीच्या काजबटणावर आता भागत नव्हतं. मी बॅग भरायच्या बेतात होतो आणि एक दिवस लक्ष्मीअक्का कामावरून आल्या त्या सरळ आमच्याच दारात.

"सुमेध, आमचा गाडीवाला बंद झाला की रे. सुपरवायझर नवी गाडी बघायलेत. तुझ्या पप्पाची गाडी हाय न्हवं उभी?"

"अक्का, ती गाडी आहे का? त्यात मांजर व्यालीय मागच्या महिन्यात."

"मांजर काढ अन् गाडी चालू कर की मग! सकाळी आमाला सोड, दुपारी शीक, संध्याकाळी आण. चाकणला काय सोनं वाटायलेत?"

आईनं काजाची सुई थांबवली आणि माझ्याकडं बघितलं. मी जाऊ नये असं तिला किती वाटत होतं ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. सुपरवायझरनी पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचं कबूल केलं. तेवढ्यात गाडी चालू होऊन आरटीओत तिचं पासिंग व्हायला पाहिजे होतं. लायसन्स आणि प्रवासी गाडीचा बॅज मी आधीच काढून ठेवला होता. झालं तर माझं शेवटचं वर्ष वाचणार होतं, नाही झालं तर चाकण.

गाडी दोरीनं ओढत, टोचन करून इक्बालभाईंच्या गॅरेजला नेली. इक्बालभाई पप्पांचे जुने दोस्त. त्यांनी बोनेट... म्हणजे व्हॅनला बोनेट नसतं, सीटखाली इंजिन असतं — तर सीट उचलली आणि आत बघून हसायलाच लागले.

"काय बे, उंदरांना भाड्यानं दिली होती की काय गाडी? पूरा संसार हाय इथं!"

वायरिंग कुरतडलेलं होतं. टाकीतल्या पेट्रोलला रंगाच्या दुकानासारखा वास येत होता. टायर बोटानं दाबले तरी भेगा पडायच्या. मागची चाकं तर फिरायलाच तयार नव्हती, ब्रेकचे लायनर गंजून ड्रमला धरून बसलेले. मी कॉलेज सुटलं की गॅरेजवर जायचो आणि सांगतील ते करायचो. टाकी उतरवून धुतली, कार्बोरेटर साफ केला, वायरिंग बदललं. ज्या दिवशी इंजिन पहिल्यांदा धडधडलं त्या दिवशी इक्बालभाईंनी समोरच्या टपरीवरून चहा मागवला. सायलेन्सरमधून काळा धूर आणि कसली तरी पिसं बाहेर आली. मला फार आनंद झाला होता. भीतीबिती काही नव्हती. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं जे झालं ते माझ्या मनात आधीपासून नव्हतं.

ब्रेकचं काम सगळ्यात शेवटी केलं. नवे लायनर, नवे पाईप, नवं ऑइल. नवीन ऑइल भरलं की पाईपमधली हवा काढावी लागते. एकानं सीटवर बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं चाकाजवळ बसून बोल्ट सैल करायचा. मी सीटवर होतो. इक्बालभाई खालून ओरडत होते.

"दाब... धर... सोड. दाब... धर... सोड."

बराच वेळ ते चाललं. तेवढ्यात आईचा फोन आला. ती रडत होती. मला वाटलं पप्पा गेले.

"सुमेध, पाय हलवायलेत रे! उजवा पाय! लवकर ये!"

मी तसाच ऑइलच्या हातांनी पळत घरी आलो. पोचलो तेव्हा पाय शांत होता. आई पलंगाच्या पायथ्याला बसली होती आणि तिनं दोन्ही हातांनी तो पाय धरून ठेवला होता, उडून जाईल असा.

"असं खाली दाबला," ती म्हणाली, "अन् तसाच धरून ठेवला. मग सोडला. परत दाबला. लई वेळ. मी सपान बघते की काय असं वाटलं."

मी पप्पांच्या कपाळावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आम्ही तिघंही रडलो. दाब, धर, सोड... ते शब्द माझ्या कानात अजून होते, पण मी त्यांचा संबंध लावला नाही. कोण लावेल? दुसऱ्या दिवशी सिव्हिलला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, पायाला हातोडी मारून बघितली आणि म्हणाले, कधी कधी स्नायू आपोआप ओढले जातात, चांगलंच आहे, व्यायाम चालू ठेवा.

मग काही दिवस पाय हलला नाही. त्या दिवसांत गाडी पण रंगाला लावलेली होती.

पहिली ट्रायल इक्बालभाईंनी चालवली. मी शेजारी बसून आईला व्हिडिओ कॉल लावला, पप्पांना गाडी बघता यावी म्हणून. आईनं फोन त्यांच्या तोंडासमोर धरला होता. सिग्नलला इक्बालभाईंनी ब्रेक मारला आणि फोनमधून आई ओरडली, "हालला! परत हालला!" गाडी गॅरेजला येईपर्यंत ती तसंच ओरडत होती. आता मात्र मला संबंध लागला. पण त्याला कारण होतं. पप्पा रस्ता बघत होते. इतकी वर्षं गाडी चालवलेला माणूस, समोर सिग्नल दिसला की पाय जाणारच. मी इक्बालभाईंना तसं समजावूनही सांगितलं.

"हौ, हौ," ते म्हणाले. पण ते पेडलकडे बघत होते. "सुमेध, एक बात बोलू? ये पेडल मी दाबायच्या आधीच जरासं खाली जायलंय."

"हवा राहिली असेल."

"हवा राहिली तर पेडल पोकळ लागतं, बेटा. हे पोकळ न्हाय. आधीच दाबल्यावानी लागतंय."

त्यांनी ब्रेकचा मास्टर सिलिंडर पुन्हा उघडला. स्प्रिंग बघितली. सगळं व्यवस्थित होतं.

मी रात्रभर विचार केला... आणि ठरवलं की हे नीट तपासायचं. आईला मी सांगितलं की उद्या व्हिडिओ कॉल नाही, साधा फोन लावून ठेवायचा. पप्पांना गाडीचं काही सांगायचं नाही. तू फक्त त्यांच्या पायाकडं बघत राहा आणि पाय हलला की 'आत्ता' म्हण. मी काही बोलणार नाही, माझा आवाज बंद असेल.

"कशाला पायजे असलं?" आई म्हणाली. मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "बरं. शिकलायस न्हवं, मग बघ तपासून."

दुपारच्या उन्हात आम्ही शहराबाहेर कुंभारीच्या बाजूला गाडी काढली. इक्बालभाई चालवत होते. मी शेजारी, कानात हेडफोन, आणि डोळे त्यांच्या उजव्या पायावर. रस्ता मोकळा होता. बराच वेळ आईचा आवाज नाही, फक्त पंख्याची घरघर. मला हायसं वाटायला लागलं. आणि मग कानात आई म्हणाली, "आत्ता."

इक्बालभाईंचा पाय तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरवर होता. मी बघत होतो. त्यानंतर तो उचलला गेला आणि ब्रेकवर गेला, कारण पुढं एक रिक्षा थांबली होती.

"आत्ता," पुन्हा आई. पुन्हा तसंच. आधी तिचा आवाज, मग इक्बालभाईंचा पाय. दर वेळी. मी मनाला सांगत होतो की फोनचा आवाज उशिरा पोचतो. पण उशिरा पोचला तर तो नंतर यायला पाहिजे ना... आधी कसा येईल?

एका ठिकाणी रस्ता एकदम रिकामा होता. दोन्ही बाजूंना तुरीची रानं. आई जोरात म्हणाली, "आत्ता! अगं बया, केवढ्यानं दाबलाय —" आणि डाव्या बाजूच्या तुरीतून शेळ्यांचा कळप रस्त्यावर आला. इक्बालभाईंनी करकचून ब्रेक मारला. एक करडू चाकापासून हातभर लांब उभं राहून आमच्याकडं बघत होतं. शेळ्यांमागची म्हातारी आम्हाला शिव्या देत होती. इक्बालभाईंनी इंजिन बंद केलं.

"मी न्हाय मारला," ते हळूच म्हणाले. "मी मारला, पण... माझ्या आधीच गाडी दबली. खुदा की कसम."

मी एका कानातला हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावला. आई विचारत होती, "सुमेध? काय झालं? तुझे पप्पा घामाघूम झालेत."

इथपर्यंत सुद्धा, खरं सांगायचं तर, मला आतून थोडं बरं वाटत होतं. भीती वाटत होती, पण पप्पांचा पाय हलतोय हे त्याच्यापेक्षा मोठं होतं. गाडीमुळं हलत असेल तर हलू दे. पण मग गावातली ट्रायल झाली. पासिंगच्या आधी ट्रॅफिकमध्ये ब्रेक गरम होतात का ते बघायचं होतं. मंगळवार पेठेतून नवी पेठ, तिथून स्टेशनपर्यंत. बाजाराचा दिवस. पावलापावलाला ब्रेक. हातगाड्या, बैल, मधेच वळणारे मोटरसायकलवाले. आई फोन उचलत नव्हती.

घरी आलो तर लक्ष्मीअक्का दारातच उभ्या होत्या. आत पप्पांचा बनियन ओला पिळून निघाला होता. तोंड उघडं, श्वास वर वर. आई त्यांच्या पोटरीला तेल चोळत होती. मी हात लावला. पोटरी दगडासारखी घट्ट झाली होती, गोळा आला होता.

"थांबतच नव्हते," आई म्हणाली. "दाबायलेत, दाबायलेत. मी पाय धरला तर मला ढकलायलेत. बंद कर ती गाडी, सुमेध. मी तुझ्या पाया पडते."

"बंद करतो. उद्याच भंगारवाल्याला देतो."

अक्का दारातूनच बोलल्या. "अय्यो, भंगारात कापतील की रे तिला. कापताना ह्यास्नी काय झालं तर?"

आई पोटरी चोळतच राहिली. मी याचा विचारच केला नव्हता. गाडी चालवली तर पप्पा दमतात. मोडली तर काय होईल माहीत नाही. आणि नुसती उभी ठेवली तर मला चाकणला जावं लागेल, आणि आईला एकटीला पप्पांना उचलून कूस बदलायला लागेल. रोज आम्ही दोघं मिळून करतो ते काम.

"माझ्या ओळखीचा एक देवऋषी हाय," अक्का हळूच म्हणाल्या. "एक लिंबू फक्त —"

"अक्का," आई म्हणाली, "तुमी त्यांचा पाय उचललेला त्या दिवशी, मी जन्मभर इसरणार न्हाई. पण लिंबू माझ्या घरात न्हाई यायचं. माझ्या माणसाला काय धरलं-बिरलं न्हाई. त्यो काम करायलाय, काम."

ते ऐकून मी आईकडं बघत राहिलो. ती हे रागानं म्हणाली होती, विचार करून नाही. पण म्हणून झाल्यावर ती स्वतःच त्या पायाकडं बघायला लागली.

अक्का गेल्यावर मी पप्पांच्या डाव्या बाजूला बसलो. त्यांचा डावा हात हातात घेतला. तो हात चालतो थोडा. मी विचारलं, "पप्पा, गाडी बंद करू का?" त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मी म्हणालो, "चालवू?" त्यांनी माझा हात दाबला. मला इथं खोटं लिहायचं नाही... ते कुणाचाही हात असाच दाबतात. डॉक्टरांचाही दाबतात. त्यामुळे ते उत्तर होतं की नाही, मला सांगता येत नाही. पण मी ते उत्तर समजलो.

पासिंगच्या दिवशी आईनं अट घातली. "न्यायचीच आसंल तर त्यास्नी बी घिऊन जा. माझ्या नजरंआड काय झालं तर मला कळायचं न्हाई." म्हणून मी आणि इक्बालभाईंनी पप्पांना उचलून मधल्या सीटवर बसवलं. आई शेजारी, त्यांना बांधल्यासारखी धरून. पेठेतून गाडी निघाली तेव्हा गल्लीतली माणसं बाहेर येऊन बघत होती. पप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी डोळे एकदाही मिटले नाहीत. पाऊल त्यांचं खालच्या मॅटवर टेकलेलं होतं. आरशात मला ते दिसत नव्हतं, आणि मला ते बघायचंही नव्हतं.

आरटीओच्या मैदानावर बऱ्याच गाड्या होत्या. आमच्या गाडीचे दिवे, हॉर्न, वायपर, सीट सगळं बघून झालं. साहेब चांगले होते. त्यांनी आत डोकावून विचारलं, "पेशंटला कशाला आणलंय?"

"वडील आहेत. गाडी त्यांचीच आहे."

साहेबांनी पप्पांकडं बघून मान हलवली, नमस्कार केल्यासारखी. मग मला म्हणाले, "तिकडून वेगात घेऊन ये. मी हात वर केला की ब्रेक मार."

गाडी वेगात घेतली. साहेब उभे होते, हात खाली. मी त्यांच्या हाताकडं बघत होतो. मागून आईचा श्वास ओढल्याचा आवाज आला... आणि गाडी जागच्या जागी थांबली. सरळ रेषेत, जराही न वळता. साहेबांचा हात अर्धाच वर आलेला होता.

"मी सांगायच्या आधीच का मारलास? परत घे."

परत घेतली. यावेळी मी ठरवलं होतं की हात पूर्ण वर गेल्याशिवाय पाय हलवायचा नाही. हात वर गेला. गाडी थांबली. मी ब्रेक दाबला होता का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की आता आठवण आणि कल्पना एकमेकांत मिसळून गेल्यात. माझा पाय पेडलवर होता, एवढं नक्की. पेडल खाली होतं. पण ते मी खाली नेलं का, की ते खाली जाताना माझा पाय सोबत गेला... मला खरंच माहीत नाही.

"ब्रेक एकदम चांगले आहेत," साहेब म्हणाले. "एवढ्या जुन्या गाडीचे असे ब्रेक बघितले नाहीत. कोणी केलं काम?"

इक्बालभाई पुढं झाले नाहीत. ते पप्पांकडं बघत होते.

पासिंग झालं. बायकांची ट्रिप सुरू झाली. मी कॉलेजला जातोय, परीक्षेचा फॉर्म भरलाय. हे सगळं आनंदानं सांगायला पाहिजे, पण रोज सकाळी किल्ली फिरवताना मला पप्पांचा पाय आठवतो. न्यूरोचे डॉक्टर म्हणतात की पायात थोडी ताकद येतेय, हे इतक्या वर्षांनी सहसा होत नाही. त्यांना मी गाडीचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला तपासलं असतं. आमच्या कॉलेजच्या एका सरांना मात्र सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, योगायोग एकामागोमाग आले की माणसाचं मन त्यांना एका दोरीत बांधतं. असेल. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण शेळ्या दिसायच्या आधी आई 'आत्ता' म्हणाली, ते मी माझ्या कानानं ऐकलंय.

पाय अजून हलतोच. आई ट्रिपच्या वेळी काजबटण बाजूला ठेवते आणि पप्पांच्या पायथ्याशी बसते. पहिल्या आठवड्यात ती रोज म्हणायची, आज लई दमले. म्हणून मी गाडी वेगळ्या पद्धतीनं चालवायला शिकलोय. पुढच्या गाडीपासून लांब राहतो. लांबूनच अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, गियर खाली घेतो आणि गाडीला आपोआप हळू होऊ देतो. सिग्नल लाल दिसला की लांबूनच रेंगाळतो, म्हणजे पोचेपर्यंत हिरवा होतो. कधी कधी पेठेपासून कारखान्यापर्यंत मोजकेच ब्रेक लागतात. बायका वैतागतात.

"काय रे सुमेध, गाडी हाय का पाळणा?"

"ह्याच्यापेक्षा गाढवावर लवकर पोचलो असतो की."

"अगं गप, लाजतंय ते पोरगं. लग्नाच्या वरातीला लावू हिला, शोभंल!"

लक्ष्मीअक्का तेवढ्या त्या हसण्यात नसतात. खिडकीबाहेर बघत बसतात.

बायकांना गेटवर सोडलं की मी कॉलेजला जायच्या आधी सरळ घरी येतो. चप्पल काढतो आणि पहिल्यांदा पप्पांच्या उजव्या पोटरीला हात लावतो. घट्ट लागली तर कुठं कुठं ब्रेक मारावा लागला ते आठवत बसतो. मऊ लागली की आईला म्हणतो, आज बरी चालवली, आणि दप्तर उचलतो.